वर गेली ती गेलीच

ट्रॅक्टरच्या पुढं बसवलेल्या लोडरच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या लोखंडी हातांच्या, बकेटकडून माझ्या फार अपेक्षा नाहीत. वर जावं, खाली यावं, सांगितलं की तोंड खाली करून ओतावं, पुन्हा तोंड वर करावं. त्या दिवशी सकाळी तिनं यातलं एक काम सोडून दिलं. वर गेली ती खाली येईना.

एखादी गोष्ट वर जाऊन वरच राहिली तर एरवी लोक तिचं कौतुक करतात. पण माझी बकेट शेडच्या आत वर गेली होती. ट्रॅक्टर दारातून आत घेतला तेव्हा ती जमिनीलगत होती, म्हणून छोटं धूड अलगद आत आलं. आता ती दाराच्या चौकटीपेक्षा उंच झाली होती. ट्रॅक्टर मागं घेऊन बाहेर काढावा, तर आधी भिंतीचा वरचा भाग काढावा लागणार.

बकेटमध्ये माल काही नव्हता. माझी हत्यारं होती. मला एक वाईट खोड आहे. शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं काहीही न्यायचं झालं, की ते बकेटमध्ये टाकायचं आणि ट्रॅक्टरनं न्यायचं. पाच-पन्नास पावलांचा प्रश्न, पण वीस-बावीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दारात असताना माणसानं स्वतःची पावलं का झिजवावी? तर पान्ह्यांची पेटी, ग्रीस गन, बॅटरी आणि 'बिघाड झाल्यास काय करावे' हे प्रकरण असलेली माहितीपुस्तिका, सगळं माझ्या डोक्याच्या हातभर वर लटकत होतं. आणि वर उचललेल्या लोडरखाली जाऊ नये, चढू तर मुळीच नये, हा नियमही त्याच पुस्तिकेत लिहिलेला.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, एवढ्यात काही काढलं-लावलं होतं का?"

मी म्हणालो, "छे! काहीच नाही."

खरं तर आदल्या दिवशी मी लोडर काढून ठेवला होता आणि संध्याकाळी परत लावला होता. पण डॉक्टरांनी "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" असं विचारलं की आपण जसे छताकडं बघत "नाही" म्हणतो, तसंच ते आपोआप तोंडून निघालं. शिवाय तो मी व्यवस्थित लावला होता. 'टक्' असा आवाजही ऐकला होता. त्या आवाजाकडं आपण नंतर येऊ.

"तेल बघा," मिस्त्री म्हणाले. "मी संध्याकाळी येतो. तोवर काही उघडू नका."

तेल, म्हणजे लोडरला दाब देणारं हायड्रॉलिक तेल, बघितलं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, खालच्या खुणेच्याही खाली. सापडलं! माझा ऊर भरून आला. डबा आणला, नरसाळं लावलं आणि ओतलं. पुन्हा बघितलं, अजून थोडं कमी वाटलं, पुन्हा ओतलं. हात माझा सैल आहे. दोन लिटर गेलं असेल. इंजिन सुरू केलं, लिव्हर पुढं ढकलला. बकेट जागची हलली नाही. इंजिनाचा आवाज मात्र जड झाला आणि पोटातून एक किंकाळी आली, कुणाच्या तरी शेपटीवर पाय पडावा तशी.

ती किंकाळी म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह, हे मला ठाऊक होतं. पंपानं ढकललेल्या तेलाला जायला वाट उरली नाही की दाब चढत जातो, आणि ठरलेल्या आकड्याला हा व्हॉल्व्ह उघडून तेल परत टाकीत सोडतो. अशा छोट्या ट्रॅक्टरांत हा आकडा साधारण दीडशे बारच्या आसपास असतो. म्हणजे पंप बिचारा जिवाच्या आकांतानं ढकलत होता आणि पुढं कुठंतरी दार बंद होतं. एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं बंद दार शोधलं असतं. मी दादाला हाक मारली.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि कुठलंही यंत्र बंद पडलं की त्याचा निकाल एकच. आला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाला, "पंप गेला."

"अरे, पंप गेला असता तर वर कशी गेली असती?"

"वर जाताना गेला."

यावर काय बोलणार? "मागची लिफ्ट चालते का?" त्यानं विचारलं. चालत होती. तेल तेच, पंप तोच. पण दादा एकदा निकाल दिला की अपील ऐकत नाही. "थोडी वर घे," तो म्हणाला, "म्हणजे अडकलेलं सुटेल, मग खाली घे." मी लिव्हर मागं ओढला. बकेट आनंदानं वीतभर वर गेली. लिव्हर पुढं ढकलला. किंकाळी.

मग शेजारचे काका आले. काकांना तोंड न उघडताही वाटणारी काळजी दिसते, आणि तोंड उघडलं की ती वाढते. त्यांचं मत पडलं, की जॅकचं सील गेलं. आता जॅक म्हणजे तेलाच्या दाबानं लोडरचे हात उचलणारं नळकांडं. त्याच्या आत पिस्टन असतो, त्याच्या कडेला सील असतं, आणि ते झिजलं की तेल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झिरपतं. त्यानं जॅकची ताकद जाते. झिजलेल्या सीलमुळं उचललेली बकेट अडून तशीच राहते, हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. माझी तर रिकाम्या जागेत घट्ट उभी होती. सील गेलं असतं तर मी आनंदानं नाचलो असतो. हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण सील बदलून टाक." आणि जाता जाता, "जरा वर घेऊन बघ रे, हिसका बसला की येईल."

आणखी दोन विती.

दुपारपर्यंत येईल तो हेच सांगत होता. जरा वर घ्या, मग खाली. वयासारखी गत झाली होती, प्रत्येकाच्या सल्ल्यानं एक पायरी वर आणि परतीची सोय नाही. बकेट आता छताच्या पत्र्यापासून हातभर उरली होती. पुढचा सल्ला देणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर पत्रा काढून द्यावा, असं मी जाहीर केलं.

तेवढ्यात दादाला बकेटचं तोंड आठवलं. "वर-खाली होत नाही ना? मग उलटी तरी होते का बघ." झाली. इतकी सुरेख झाली की मला "हळू" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. आधी ग्रीस गन, मग पेटी, मग पेटीतले पान्हे एकेक करून लहानमोठ्या मापानं खाली कोसळले. सगळ्यात शेवटी, पानं फडफडवत, पुस्तिका. ती उघडी पडली ती 'देखभालीची नोंद' या पानावर. पान कोरं होतं.

हत्यारं हातात आल्यावर माणसाला अवदसा आठवते. दादानं मोठा पान्हा उचलला. "त्या जॅकच्या होजचा नट सैल करू. तेल गळेल, बकेट येईल खाली. काय त्यात?"

इथं मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा दादाला आडवा आलो. त्या होजमध्ये, म्हणजे तेलाच्या नळीत, तेल नुसतं बसलेलं नव्हतं, लोडरच्या हातांचं आणि बकेटचं सगळं वजन त्या कोंडलेल्या तेलावर तोललेलं होतं. नट सैल झाला की ती खाली येणार यात शंका नव्हती, फक्त किती वेळात आणि कुणावर एवढाच प्रश्न होता. ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानं सांगून ठेवलंय, की कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखाच पोचतो. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये दीडशे बारचा दाब म्हणजे तीन टनांच्या घरातला रेटा. बकेटच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर लोडरच्या लांब हातांमुळं त्यातला थोडासाच उरतो, म्हणून असा ट्रॅक्टर काहीशे किलोच उचलतो, पण तेवढं माझ्या टाळूला पुरेसं आहे. मी दादाला पास्कल सांगितला. तो म्हणाला, "कोण? तो लोडर दुरुस्त करतो का?" पण पान्हा खाली ठेवला.

संध्याकाळी मिस्त्री आले. वर न बघता आधी खाली बसले, ट्रॅक्टरखालची जमीन बघितली. कोरडी. मग पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून होजच्या कडेकडेनं लांबून फिरवला. मला वाटलं वारा घेताहेत. "गळती हातानं शोधायची नसते," ते म्हणाले. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाचं तेल सुटलं तर कातडीतून सरळ आत शिरतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि माणूस तसाच घरी जातो. खरं तर त्यानं त्याच वेळी इस्पितळात जायला हवं असतं. सकाळी त्याच होजवरून मी तळहात फिरवला होता, आणि तोही पापणी न लववता. मी हात खिशात घातले.

मग मिस्त्री ट्रॅक्टरच्या बाजूला गेले. लोडरचे चार होज जिथं ट्रॅक्टरला जोडतात तिथं नर-मादी कपलिंग असतात. त्यांनी पहिलं बोटानं हलवलं, दुसरं हलवलं, तिसरं हलवलं. चौथ्याशी थांबले. तिथं कपलिंगची कडी इतर तिघांच्या ओळीत नव्हती. गव्हाच्या दाण्याएवढी मागं होती.

"साहेब, लोडर कधी काढला होता?"

शेडमध्ये शांतता पसरली. दादानं माझ्याकडं बघितलं. काकांनी (ते परत आले होते) माझ्याकडं बघितलं. दारातून बायकोचा आवाज आला, "अहो, काल नाही का संध्याकाळी? अंधारात घामाघूम होऊन लावत होतात ते? मी बॅटरी धरली होती की!"

तर झालं होतं ते असं. कपलिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांत स्प्रिंगवर बसलेला एकेक झडपेसारखा व्हॉल्व्ह असतो. जोडणी पूर्ण बसली की दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना ढकलून उघडे ठेवतात आणि तेल दोन्हीकडं फिरतं. अर्धवट बसली तर पंपाकडून दाबानं येणारं तेल जॅकच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडून आत शिरतं, पण परत निघालं की तोच व्हॉल्व्ह तोंडावर दार लावतो. वर जाणं चालू, खाली येणं बंद. दिवसभर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बंद दारामागं तेल भरत राहिलो होतो.

ते पूर्ण का बसलं नाही, तेही मिस्त्रींनी सांगून टाकलं, माझ्यावर नजर रोखून. लोडर काढायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर चारी दिशांना हलवून होजमधला दाब सोडायचा. मी बकेट टेकवली होती, इंजिन बंद केलं होतं. लिव्हर हलवायचा राहिला. काढलेले होज दिवसभर उन्हात पडले, आतलं कोंडलेलं तेल तापून फुगलं, आणि संध्याकाळी ते मला नर मादीत बसवू देईना. मी गुडघा टेकवला, अंग घातलं, जोर केला. मग 'टक्' झालं.

बकेट उतरवायचं काम त्यानंतर पाऊण तास चाललं. मिस्त्रींनी लोडरच्या दोन्ही हातांखाली जाड लाकडी ठोकळ्यांची चळत रचली, शेडच्या गर्डरला चेन-पुली टांगली आणि साखळीनं हात बोटभर वर उचलून घेतले, म्हणजे वजन तेलावरून साखळीवर गेलं. इंजिन बंद ठेवून लिव्हर सगळीकडं फिरवला. मग कपलिंगची कडी मागं ओढून एका हातानं सहज आत सरकवली. आवाज आला, पण कालच्या आवाजासारखा नव्हता. भरीव, लोखंडी, तृप्त आवाज होता तो. मग ठोकळे काढले, साखळी सोडली, इंजिन लावलं. लिव्हर पुढं. बकेट खाली आली, जणू काही झालंच नव्हतं अशी, आणि जमिनीवर टेकली.

मी टाळी वाजवणार तेवढ्यात मिस्त्रींनी डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.

"यात तेल कुणी टाकलं?"

कारण लोडर वर असताना बरंच तेल जॅकमध्ये असतं, टाकीत नसतं. डिपस्टिक तेव्हा कमीच दाखवणार. मोजायचं ते बकेट जमिनीवर टेकवून. जास्त तेल झालं की ते घुसळून फेसाळतं, आणि फेसाळलेल्या तेलानं लोडर खरोखरच आजारी पडतो. म्हणजे यंत्रात दिवसभरात जर काही बिघडलं असेल, तर ते मी दुरुस्त करताना. जादा तेल रात्री आठपर्यंत थेंबथेंब एका डब्यात काढत बसलो. दादा बाजूला स्टुलावर बसून होता. "पंप तरी एकदा बघून घ्या," असं तो मिस्त्रींना जाताना म्हणाला.

राहता राहिला तो 'टक्'. आदल्या दिवशी मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला, म्हणून तर छातीठोकपणे "काहीच काढलं नाही" म्हणालो होतो. मिस्त्री गेल्यावर मी तसाच गुडघा टेकवला, हात तसाच लावला, जोर केला. कपलिंगला बोट लावलं नव्हतं. तरी आवाज झाला. स्पष्ट, खणखणीत.

"अहो, गुडघा दाखवून घ्या एकदा," बायको म्हणाली.

"पंप गेलाय त्याचा," दादा म्हणाला.