‘बारामान बोन्दा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘बारामान बोन्दा’ या कोरियन गाण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे गाणं म्हणजे जुन्या कोरियन बॅलडची (संथ, भावुक गाण्याची) नक्कल, तीही टीव्हीच्या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी बेतलेली, चौघं एकदम गळा काढतात, आणि भाषा न कळता मी त्यावर हळवी झाले.

नकलेचं मान्य. हे गाणं गाणारे चौघं ज्या एमएसजी वॉनाबी गटातले, तो गट २०२१ साली ‘हँगआउट विथ यू’ या कोरियन टीव्ही कार्यक्रमातच जमवला गेला, आणि त्याच्या नावातच २००४च्या एसजी वॉनाबी या कोरियन गायकगटाची आठवण आहे. (त्या मूळ गटाने ‘एसजी’ घेतलं सायमन अँड गारफंकल या अमेरिकन गायकजोडीवरून.) गळा काढण्याचंही नवं नाही. त्या काळच्या गायकीला खुद्द कोरियन लोकच ‘सोमोरी’ म्हणतात, म्हणजे गुरं हाकणं!

पण या गाण्यातले चार गळे एका दावणीचे नाहीत. केसीएम त्याच २००४च्या पिढीतला, उंच पल्ल्याचा. पार्क जे-जंग ‘सुपरस्टार के’ या गायनस्पर्धेचा २०१३चा विजेता. वॉनस्टाइन तर रॅपर, आवाज कोवळा आणि किंचित दाणेदार. आणि जी सक-जिन, तेव्हा ५५ वर्षांचे, ‘रनिंग मॅन’ हा टीव्ही कार्यक्रम बघणाऱ्यांना विनोदी माणूस म्हणूनच ठाऊक. निवड चेहरा न दाखवता, टोपणनावाने झाली होती, म्हणून त्यांचा नुसता आवाज आधी ऐकला गेला. मला ते फार मोलाचं वाटतं.

आपला कान एका चालीवर वाढलेला. दहा जण गायले तरी चाल एकच. या गाण्यात मात्र मूळ चालीच्या जोडीला, तिच्याखाली वेगळ्या सुरांत दुसरी ओळ चालते. मी घरी मुद्दाम ती खालची ओळ धरून गाऊन बघितलं. दुसऱ्या ओळीपर्यंत मूळ चालीवर घसरले, पुन्हापुन्हा. चाल ओढून घेते हो. तिच्या अगदी शेजारून चालायचं आणि तिला शिवायचं नाही, हे किती अवघड आहे ते तेव्हा कळलं.

आता भाषा. ‘बाराबोन्दा’ म्हणजे टक लावून पाहतो. ‘मान’ म्हणजे फक्त, आणि तो शब्द थेट क्रियापदाच्या पोटात शिरतो: बारा-मान-बोन्दा. नुसताच बघत राहतो. जवळ जात नाही. खालची ओळ गाणारा दुसरं काय करतो?

मग मूळ गटच, एसजी वॉनाबीच, का ऐकू नये, असं विचारलंत. जरूर ऐका. एप्रिल २०२१मध्ये तेही याच कार्यक्रमात गायले आणि त्यांची जुनी गाणी पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत चढली. त्यांच्यातला चे दोंग-हा २००८ साली गट सोडून गेला, २०११ साली वारला. त्याच्या जागी ली सक-हून आला. त्यांच्या एखाद्या गाण्याचं आधी जुनं रेकॉर्डिंग लावा, लगेच २०२१चं. चाल तीच असते, बाकीचे दोन गळेही तेच, आणि जिथे चे दोंग-हाची ओळ यायची तिथे दुसरा आवाज येतो. मी तिथे दर वेळी मागे जाऊन पुन्हा ऐकते.