गाडी खरी, गोष्ट रचलेली
जुन्या गाड्या नव्यासारख्या करण्याचे कार्यक्रम आणि व्हिडिओ ‘सगळे बनावट’ असतात, असा संदेश फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

रचलेली असते ती बहुधा गोष्ट: घाईची मुदत, मालकाला बसणारा आश्चर्याचा धक्का, नेमका ऐन वेळी न मिळणारा सुटा भाग. जुन्या गाड्या विकत घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या, २००३ साली सुरू झालेल्या ‘व्हीलर डीलर्स’ या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमामध्ये शेवटी दाखवल्या जाणाऱ्या नफ्यात मजुरी धरलेलीच नसते. म्हणजे हिशेब खोटा नाही, पण अशानं गॅरेज चालणार नाही! काम मात्र खरं. त्यातले मेकॅनिक एड चायना यांनी २०१७ मध्ये कार्यक्रम सोडला, तो दुरुस्तीची दृश्यं कमी करण्याचा आग्रह झाला म्हणून, असं त्यांनीच सांगितलं होतं.

छोट्या व्हिडिओंत मात्र गंजच नकली असू शकतो. पाण्याच्या एका फवाऱ्यात तांबूस थर वाहून गेला आणि खाली गुळगुळीत पत्रा निघाला, तर शंका घ्या. खरा गंज पत्रा खातो. घासल्यावर खड्डे उरतात, कधी आरपार भोकं. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. जाम झालेले बोल्ट तापवूनही तुटतात. या कामाला महिने लागतात. ते अर्ध्या तासात दाखवायचं तर काटछाट होणारच, तिला बनाव कसं म्हणणार?