दहा टन शेणखतात दुप्पट गहू? आधी नत्राचा हिशेब करू

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय: ‘रासायनिक खत पूर्ण बंद करा, हेक्टरी १० टन शेणखत टाका, काड शेतातच गाडा, पहिल्याच हंगामात गहू दुप्पट.’ शेणखताबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार या हिशेबाबद्दल आहे.

‘१० टन पुरतं.’ चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का. म्हणजे १० टनांत ५० किलो. त्यातलं पहिल्या पिकाच्या हाती लागतं जेमतेम पाव ते एक तृतीयांश, बाकीचं जीवाणू सावकाश मोकळं करतात. हेक्टरी ४ टन गव्हाला लागतं सुमारे १०० किलो. जमीन स्वतः काही देते हे खरं, पण हलक्या रानात ती भर घालून घालून किती घालणार?

‘काड गाडलं की खत झालं.’ इथे तर पीकच पिवळं पडतं. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे ८० च्या आसपास भाग कर्ब (कार्बन) असतो. ते कुजवणाऱ्या जीवाणूंना मात्र २४-२५ ला एक असं प्रमाण लागतं. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतूनच उचलतात, नेमकं रोपं फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे कोंब) धरत असताना. काही महिन्यांनी ते परत मिळतं, पण तोवर फुटव्यांची वेळ टळलेली असते. म्हणून काड पेरणीच्या बरंच आधी गाडावं आणि सोबत थोडं नत्र द्यावं.

मग नुसत्या शेणखतावर भरघोस गहू येतच नाही का? येतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून चाललेल्या प्रयोगात शेणखताच्या पट्ट्याने रासायनिक खताच्या पट्ट्यांच्या तोडीचा गहू दिला आहे. पण तिथे पडतं हेक्टरी ३५ टन, आणि तेही दरवर्षी! मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांच्या गोठ्यातून एवढं निघतं? तिथल्याच सातूच्या एका पट्ट्यात १८५२ ते १८७१ एवढीच वर्षं शेणखत टाकलं. त्याचा असर शंभर वर्षांनंतरही मोजता आला. माझ्या मते शेणखताची खरी बाजू हीच: ओल धरणं, ढेकळं भुसभुशीत होणं, मुळं खोल जाणं. पण ही कामं वर्षानुवर्षांची, एका हंगामाची नव्हेत.

‘रासायनिक खतानं जमीन मरते.’ त्याच प्रयोगात रासायनिक खताचे पट्टे आजही पिकतात. अमोनियाच्या खतांनी जमीन आम्ल होते, तिथे चुना द्यावा लागतो, हे मात्र खरं.

राहिला तो ‘दुप्पट’ शब्द. कशाच्या दुप्पट? वर्षानुवर्षं काहीच न टाकलेल्या रानात कुठलंही खत मोठा फरक दाखवेल. मजकुरासोबतच्या फोटोत लोंब्या भरलेल्या आहेत. शेजारी खत न घातलेली पट्टी कुठेच दिसत नाही.