काकूंनी शिकवू नये म्हणे!

ड जीवनसत्त्वावरच्या माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकांनी लिहिलंय: "डी कमी असणं हे आजाराचं कारणच असेल असं नाही, तो आजाराचा परिणामही असू शकतो. व्हायटल चाचणीत गोळ्या देऊनही कॅन्सर, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पोहे-जलेबी खाऊन गच्चीवर बसणाऱ्या निवृत्त काकूंनी आम्हाला विज्ञान शिकवू नये."

आधी शेवटच्या वाक्याचं बघू. काकू म्हणा, राग नाही, इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात अर्धी कॉलनी म्हणते. पण शिकवू नये? अहो, उभी हयात शाळेत जीवशास्त्रच शिकवलं मी. मागच्या बाकावरून टोमणे मारणारे हुशार तुमच्याआधी बरेच होऊन गेले. आणि पोहे जीरावन मसाला घालून खाते, पुढेही खाईन. त्याचा इथे काय संबंध?

गच्चीचा मात्र आहे. उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण त्वचेवर पडले तरच डी तयार होतं. ते सकाळच्या कोवळ्या उन्हात फारसे नसतात आणि बंद काचेतून जवळपास येतच नाहीत. लेखात हे होतं. डी ची साठ हजार युनिटची पाकिटं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हेही होतं. तिथवर वाचलंत का?

माझ्या सासूबाई खाली बसल्या की उठताना आधी गुडघ्यावर हात, मग ओट्याची कड, मग "अगं बाई गं". सगळे म्हणायचे, वय झालं. रिपोर्टात डी आलं 6, जिथे 20 च्या खाली कमतरता धरतात. हाडं मऊ पडली होती. डॉक्टरांनी आठवड्याला एक पाकीट दुधातून आणि कॅल्शियम दिलं. काही महिन्यांत बाई जिना चढून पापड वाळत घालायला लागल्या. म्हणजे हे शहाणपण मी व्हॉट्सॲपवरून उचललेलं नाही.

व्हायटल या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा 2018 चा निकाल तुम्ही सांगता तोच आहे, मान्य. 25,871 माणसं, रोज 2,000 युनिट, फरक नाही. पण ज्यांचं रक्त तपासलं होतं त्यांची सरासरी पातळी सुरुवातीलाच 30 च्या आसपास होती. जेवून उठलेल्याला पुन्हा वाढून काय फरक दिसणार? शिवाय त्याच चाचणीत ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते, 22 टक्क्यांनी कमी दिसले, ते 2022 मध्ये छापून आलं. ते बरं गाळलंत!

कारण-परिणामाचं पुन्हा केव्हातरी. आणि पुढच्या खेपेला नाव घालून लिहा, निनावी प्रतिक्रिया मी यापुढे ठेवणार नाही.