कोण लागते ती तुझी?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तालुक्यातल्या काही तरुण मुलांचा एक मेसेज फिरत फिरत आला. हायवेच्या कडेला सापडलेल्या एका अनोळखी बाईचं वर्णन होतं त्यात. वय अंदाजे ३० ते ३५, रंग सावळा, बांधा मध्यम, डाव्या मनगटावर गोंदण. चेहऱ्याचा फोटो मुलांनी मुद्दाम टाकला नव्हता. गोंदणाचं चित्र तेवढं वहीच्या कागदावर पेनाने काढलं होतं. खाली एकच ओळ : 'कुणाला ओळख पटत असेल तर पोलीस ठाण्यात सांगा, आपापल्या वाडीत दाखवा.'

त्यावर माझ्या थोरल्या चुलतभावाने लिहिलं, 'पोलिसांचं काम पोलिसांना करू द्या. पोरांना उद्योग नाहीत म्हणून मढी शोधत फिरतात. आणि मेलेल्या बाईचं नाव कळून आता कुणाचं भलं होणार आहे?' दादाची सगळी हयात पोलीस खात्यात गेली, त्यामुळे त्याच्या शब्दाला घरात वजन आहे. मी इथे अमेरिकेत, क्रोगर नावाच्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. 'तू तिकडे बसून शिकवू नकोस. कोण लागते ती तुझी?'

चौदा जणांनी अंगठे दाखवले. मग कुणीतरी एकादशीच्या शुभेच्छा टाकल्या आणि विषय संपला. माझा संपला नाही. गाडीतलं आइस्क्रीम वितळलं तरी मी तशीच बसून होते.

मी ओहायो राज्यातल्या डेटनला राहते. पंचाहत्तर नंबरच्या हायवेने उत्तरेला अर्ध्या तासावर ट्रॉय नावाचं गाव आहे. २४ एप्रिल १९८१ रोजी त्या गावाजवळ, ग्रीनली रोडच्या कडेच्या चरात, एका तरुण मुलीचा मृतदेह सापडला. तांबूस केसांच्या वेण्या, बेलबॉटम जीन, पाय अनवाणी. अंगात हरणाच्या कातड्याचं, झालरी लावलेलं जाकीट आणि त्याला आतून जांभळं अस्तर. गळा दाबून मारलं होतं तिला. नाव कळेना, म्हणून लोकांनी जाकिटावरूनच तिला नाव दिलं, बकस्किन गर्ल. ट्रॉयच्याच दफनभूमीत तिला पुरलं आणि ३७ वर्षं ती त्या जाकिटाच्या नावाने ओळखली गेली.

दादा, तिला तिचं नाव परत मिळवून दिलं ते पोलीस खात्याबाहेरच्या माणसांनी. कॉलीन फिट्झपॅट्रिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, तर मार्गारेट प्रेस संगणकाच्या कामातून निवृत्त होऊन रहस्यकथा लिहिणाऱ्या. या दोघींनी २०१७ मध्ये डीएनए डो प्रोजेक्ट सुरू केला. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. कुणी निवृत्त शिक्षिका असेल, कुणी घर सांभाळणारी. आपल्या घराण्याची वंशावळ जुळवण्याचा नाद असलेली ही माणसं तोच नाद बिननावाच्या मृतांसाठी वापरतात.

पद्धत सांगते, कारण दादाला वाटतं की हा कंप्युटरचा खेळ आहे. मृताच्या रक्तातून किंवा हाडातून डीएनए काढायचा आणि जेडमॅचसारख्या संकेतस्थळावर चढवायचा. तिथे लाखो लोकांनी स्वतःचे डीएनए हौसेने ठेवलेले असतात. त्यातला कुणीतरी दूरचा नातलग निघतो. तिथून पुढे त्र्यंबकेश्वरला उपाध्ये वह्या उघडून आपल्या पणजोबांपर्यंत पोचतात ना, तसंच काम, फक्त तिथे थांबायचं नाही. आधी वर पणजोबांपर्यंत जायचं, मग त्यांची मुलं, नातवंडं, नातसुना असं एकेका फांदीने खाली उतरायचं. जनगणनेची पानं, लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता चाळत राहायचं. कुठेतरी एक मुलगी अशी सापडते की तिचा जन्म नोंदलाय आणि पुढे काहीच नाही. लग्न नाही, पत्ता नाही, मृत्यूही नाही.

बकस्किन गर्लच्या बाबतीत माहिती हातात आल्यावर चार तासांत नातं जुळलं. एप्रिल २०१८ मध्ये नाव जाहीर झालं : मार्शा किंग, वय २१, आर्कान्साची. ज्या रक्ताच्या नमुन्यावरून हे झालं तो १९८१ पासून ठेवलेला होता, तोही फ्रिजमध्ये नाही. मी इथे प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांचंच काम करते. अर्धा दिवस बाहेर राहिलेली नळी आम्ही टाकून देतो. ३७ वर्षं कुणीतरी ती नळी टाकली नाही, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि भलं कुणाचं झालं, हे दादाला ऐकायचंय ना? मार्शाची आई जिवंत होती. त्याच घरात राहत होती. फोन नंबरसुद्धा तिने बदलला नव्हता, मुलीचा फोन आलाच तर म्हणून.

माझ्यासारख्या अडाण्यांनी पुराव्यात हात घालू नये, असं दादा म्हणेल. मग त्याने टॉड मॅथ्यूजचं काय करायचं ते सांगावं. याच पंचाहत्तर नंबरवर दोन तास दक्षिणेला केंटकीतलं जॉर्जटाउन लागतं. तिथे १९६८ मध्ये कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला एका बाईचा मृतदेह विल्बर रिडल नावाच्या माणसाला सापडला होता. लोक तिला टेंट गर्ल म्हणायचे. थडग्यावर अंदाजाने काढलेला चेहरासुद्धा कोरला होता. पुढे रिडलच्या मुलीशी टेनेसीतल्या एका कारखाना कामगाराने लग्न केलं. तो हा मॅथ्यूज. सासऱ्याच्या तोंडून ती गोष्ट ऐकली आणि ती त्याच्या मनातून गेली नाही. त्याने दहा वर्षं शोध घेतला. शेवटी १९९८ मध्ये रात्री इंटरनेट चाळताना त्याला एका बाईने दिलेला मजकूर दिसला. १९६७ च्या शेवटी लेक्सिंग्टनमधून बेपत्ता झालेल्या बहिणीला ती शोधत होती. डीएनएने नातं सिद्ध झालं आणि बार्बरा ॲन हॅकमन टेलर हे नाव त्या दगडावर आलं. तीस वर्षं दोन्ही टोकं होती, बहीणही होती आणि थडगंही होतं. जोडणारं कुणी नव्हतं.

ग्रुपवर एका पुतण्याने बोस्टनचं उदाहरण दिलं. ते खरं आहे आणि मी ते टाळणार नाही. २०१३ च्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच गुन्हेगार ठरवलं. त्या पोराचा काही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता. त्याच्या आईवडिलांनी ते दिवस कसे काढले असतील! पण ती माणसं गुन्हेगार शोधायला निघाली होती. आमच्या तालुक्यातली पोरं कुणावर बोट दाखवत नाहीयेत. एका मनगटावरच्या गोंदणाचा माणूस शोधताहेत. हा फरक दादाला कळतो, म्हणूनच मला राग येतो.

सरकार बघेल, असंही तो म्हणाला. अनोळखी मृतदेह आणि बेपत्ता माणसं यांच्या डीएनएची वेगवेगळी सूची ठेवायची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं. ते स्थायी समितीकडे गेलं, २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. खासगीपणाचे आक्षेप होते आणि त्यातले काही रास्तच होते. गुन्हेगारांच्या आणि संशयितांच्या सूचीवर हवा तेवढा वाद घाला. पण ज्या आईला स्वतःहून रक्त द्यायचंय, मुलगा सापडावा म्हणून, तिने ते कुठे द्यायचं? मुंबईच्या लोकलच्या रुळांवर २०२३ मध्ये दोन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या ज्यांच्या खिशात काही सापडत नाही त्यांची घरची माणसं बिहारमध्ये, ओडिशात, आपल्या खानदेशात कुठे कुठे वाट बघत असतात.

इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. या देशात अशी ४०,००० बिननावाची प्रेतं असावीत असा अंदाज इथल्याच न्याय खात्याच्या संस्थेने २००७ मध्ये दिला होता. जेडमॅचमध्ये गोऱ्यांचेच नातलग भरपूर आहेत, त्यामुळे इतरांची नावं लागायला फार वेळ जातो. मीही माझा डीएनए तिथे चढवून ठेवलाय. जुळणाऱ्यांच्या यादीत जवळचं कुणीच नाही. पंचाहत्तरवर बर्फात माझं काही बरंवाईट झालं आणि पर्स सापडली नाही, तर या यादीवरून मला कुणी ओळखणार नाही. मला ओळखणारी फांदी बाणकोटच्या खाडीकाठी आहे आणि तिथलं कुणी या वहीत नाही.

हे सगळं मी दादाला लिहिलं होतं, थोडंफार असंच. जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

माझे वडील, अण्णा, आमच्या गावचे पोलीस पाटील होते. १९९१ च्या पावसाळ्यात भरतीबरोबर एका बाईचं प्रेत आमच्या बंदरावर लागलं. अण्णांनी ठाण्यात वर्दी दिली, पंचनामा झाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. कुणी आलं नाही. ग्रामपंचायतीने ओढ्याच्या पलीकडे तिला पुरलं. कागदोपत्री तिथे सगळं संपलं होतं.

अण्णांचं संपलं नाही. हवालदाराच्या हातापाया पडून त्यांनी तिच्या लुगड्याच्या काठाचा चार बोटं तुकडा मागून घेतला आणि वहीत टाचून ठेवला. शेजारी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं : चोळीच्या आतल्या शिवणीला निळा दोरा, डावी बाही एकदा उसवून पुन्हा शिवलेली, पायात एकच जोडवं. पुढची दोन वर्षं ते मंडणगड, महाड, दापोली, जिथे जिथे बाजाराला गेले, तिथे वही काढून कापडवाल्यांना आणि शिंप्यांना विचारत राहिले. हा काठ कुठला? निळ्या दोऱ्याने शिवण कोण घालतं? एस.टी.च्या थांब्यावर बसलेल्या बायकांनासुद्धा विचारायचे. लोक हसायचे.

मी चौदा वर्षांची होते. शाळेत मुलं मला 'मढ्याच्या पाटलाची' म्हणायला लागली. एका संध्याकाळी अण्णा बाजारातून आले, ओसरीवर वही ठेवून पाय धुवायला गेले, आणि परत आल्यावर मी आईदेखत त्यांना म्हणाले, 'तुम्हाला काय करायचंय? कोण लागते ती आपली?'

अण्णा काही बोलले नाहीत. वही त्यांनी माळ्यावर ठेवली. त्यानंतर ती बाजाराच्या पिशवीत मी कधी पाहिली नाही.

दादाचं ते वाक्य मला का झोंबलं, हे मला त्याच रात्री कळलं होतं. तरी मी चार दिवस त्याच्याशीच भांडत राहिले. इथल्या मार्शाच्या जाकिटाचं अस्तर जांभळं होतं हे मला पाठ आहे. ट्रॉयला रिव्हरसाइडच्या दफनभूमीत मी दोनदा जाऊन आले, मायरमधून फुलं घेऊन. आमच्या ओढ्यापलीकडे चौतीस वर्षांत एकदाही गेले नाही. दर सुट्टीत गावी जाते, ओढ्याच्या अलीकडूनच परतते. गावातली माणसं निर्दय आहेत आणि इथल्या माणसांना कणव आहे, असं मी इथे कितीजणांना सांगितलं असेल. माझ्या घरात एक माणूस वही घेऊन बाजारोबाजार फिरत होता, त्याला थांबवणारी मी होते.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. ८२ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. वही आहे का विचारलं. कुठली, असं त्यांनी विचारलं नाही. वहिनीने माळ्यावरून उतरवली. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण टाचणी तशीच होती, गंजलेली. काठ मला इतकी वर्षं हिरवा आठवत होता. तो करड्या पोताचा, तांबड्या रेघांचा निघाला. अण्णांनी फोन अगदी जवळ धरला, एवढा जवळ की धागे दिसत होते.

मी माफी मागितली. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. त्यांनी विचारलं, 'तुमच्याकडच्या त्या मुलीला किती वर्षं लागली म्हणालीस?'

'सदतीस,' मी ओरडून सांगितलं.

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. एक्याण्णव आणि सदतीस.

'मग अजून वेळ आहे,' म्हणाले, आणि वहिनीला म्हणाले, वही परत माळ्यावर टाकू नको, इथे खाली उशाशी ठेव.