आल्मोदोवारचे काऊबॉय

स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारचा 'स्ट्रेंज वे ऑफ लाइफ' (२०२३) अखेर पाहिला. जेमतेम ३१ मिनिटांचा गे वेस्टर्न, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाचा काऊबॉयपट. शेवट सांगणार आहे, तेव्हा बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.

सिल्वा (पेद्रो पास्काल) वाळवंट तुडवत बिटर क्रीकला येतो, शेरीफ जेकला (एथन हॉक) भेटायला. २५ वर्षांपूर्वी दोघं भाडोत्री बंदूकबाज होते, आणि प्रेमातही होते. जेवण होतं, दारू होते, रात्र सरते. सकाळी जेक एकदम शेरीफ होतो. त्याच्या भावाच्या विधवेचा खून झालाय आणि संशय सिल्वाच्या मुलावर आहे. मग सिल्वा आला तो जुन्या ओढीनं, की पोराची रदबदली करायला?

मला वाटतं, दोन्हीसाठी. सिनेमाही एकच बाजू खरी ठरवत नाही, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. हॉक शब्द दातांखाली दाबून बोलतो, पास्काल डोळ्यांनी लाडीगोडी लावतो. रात्रीचा प्रसंग गाळून थेट सकाळ दाखवली म्हणून बरेच जण नाराज आहेत. मी नाही. सकाळच्या भांडणात पुरेशी जवळीक आहे.

खटकले ते कपडे. सेंट लॉरेंट हे फॅशन हाऊस निर्मात्यांत आहे, वेशभूषा त्यांच्याच अँथनी व्हॅकरेलोची, आणि ते लपत नाही. सिल्वाचं हिरवं जॅकेट बघून वाटतं, गडी वाळवंटातून नाही, इस्त्रीवाल्याकडून आलाय. शूटिंग स्पेनमधल्या अल्मेरियाचं, जिथे इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेनं आपले वेस्टर्न केले. त्याच्या माणसांच्या अंगावर धूळ असायची हो! तरुणपणीचा वाईनने न्हाऊन निघालेला फ्लॅशबॅक तर सरळ परफ्यूमची जाहिरात वाटतो. सुरुवातीचं ब्राझीलचा गायक काएतानो व्हेलोसोच्या आवाजातलं फादो (पोर्तुगीज विरहगीत) मात्र अप्रतिम.

आता शेवट. 'ब्रोकबॅक माउंटन' हा दोन काऊबॉयच्या प्रेमाचा सिनेमा आधी आल्मोदोवारकडे आला होता, त्यानं तो सोडला. पुढे २००५ मध्ये अँग लीनं केला. दोन पुरुषांनी रँचवर एकत्र राहायचं, ही कल्पनाच तिथल्या दोघांपैकी एनिसला झेपत नाही. इथे जेकनं कधीकाळी विचारलेलं असतं, दोन पुरुष रँचवर करणार तरी काय? सिल्वा आता उत्तर देतो: एकमेकांना सांभाळतील, सोबत करतील. गळा दाटतो खरा. पण मुलाला पळता यावं म्हणून याच सिल्वानं जेकला गोळी घातलीय, आणि हे उत्तर तो बिछान्यातून उठू न शकणाऱ्या माणसाला देतोय. ही शुश्रूषा की कैद? इतका धारदार प्रश्न हाताशी असताना सिनेमा संपतो! लघुपट आहे म्हणून एवढी सूट मी देणार नाही. पन्नाशीतले दोन हट्टी पुरुष, एक जखमी, दुसऱ्याचा मुलगा फरार, आणि आपला शेरीफ गेला कुठे म्हणून शोधत निघालेलं गाव. मला पुढचा तासभर हे बघायचं होतं.