खंड १ ते २२

गेल्या आठवड्यात आमच्या एम.ए.च्या ग्रुपवर मला पुन्हा एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

निमित्त असं की आमचा एक वर्गमित्र सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. ग्रुपवर सगळे त्याला ‘सर’ म्हणतात, मी अजून अरे-तुरेच करते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिटबिडिटमध्ये मुलांनी स्वतः वाचायचं असतं, म्हणून त्यानं दुसऱ्या वर्षाला एका जुन्या पुस्तकातली तीन प्रकरणं लावून दिली. एकूण ४६ पानं. पंधरा दिवसांची मुदत, मग वर्गात चर्चा आणि चर्चेवर अंतर्गत गुण. मुलं थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच वाचायला सांगतात.’ एका पालकांनी तर विचारलं म्हणे, नोट्स देणार नसाल तर फी कशाची घेता?

ग्रुपचे लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, अरे, ती पोरं पहाटे डेअरीला दूध घालून एसटीनं कॉलेजात येतात, दुपारी मेडिकलच्या दुकानात उभी राहतात, त्यांना कसली प्रकरणं वाचायला लावतोस? सरळ नोट्स दे. दुसरा तट म्हणाला, म्हणूनच आपण मागे. तिकडे अमेरिकेत बघा, आठवड्याला पाच-पाच पुस्तकं वाचून येतात मुलं. विचारा आपल्या मिशिगनकरांना.

मिशिगनकर म्हणजे मी.

खरं सांगायचं तर मला पहिल्या तटाचा राग यायला हवा होता. आला दुसऱ्याचा. २४ वर्षांत या मंडळींनी मला तब्येत कशी आहे, बर्फ किती पडलं, एवढंही धड विचारलेलं नाही. पण वाद हरायला लागले की मिशिगनकर हजर पाहिजेत. शिवाय त्यांना हवं ते उत्तर मी पूर्वी कित्येकदा दिलेलं आहे. तिथेच तर गोम आहे.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत कोर्स रिझर्व्हवर काम करते. ऑगस्टमध्ये प्राध्यापकांचे सिलॅबस येतात. मग आम्ही प्रकरणं स्कॅन करून कॅनव्हासवर, म्हणजे वर्गाच्या वेबसाइटवर, चढवायची आणि पुस्तकं काढून काउंटरमागे लावायची. दोन तासांसाठी मिळतील, घरी न्यायची नाहीत. कुठलं पुस्तक किती वेळा उचललं, कुठली फाइल कितीदा उघडली, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसतं. आकडे सांगत नाही, मला नोकरी करायची आहे. एवढंच सांगते की गेल्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात, सव्वाशे मुलांच्या एका वर्गासाठी आम्ही एकाच पुस्तकाच्या पाच कोऱ्या प्रती ठेवल्या होत्या. डिसेंबरात त्या परत लावताना सहज उघडून पाहिल्या. पाचांतल्या तीन पुस्तकांचे कणे करकर वाजले. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना वाजतो, तसा आवाज.

२०२४ च्या ऑक्टोबरात इथल्या ‘द अटलांटिक’ मासिकात यावर मोठा लेख आला होता. कोलंबियासारख्या नावाजलेल्या विद्यापीठांतले प्राध्यापक सांगत होते की मुलांना आख्खं पुस्तक वाचायची सवयच राहिलेली नाही. आमच्या दुसऱ्या तटानं तो लेख काही ग्रुपवर फॉरवर्ड केला नाही. अमेरिकेतलं वाचण्यात त्यांना रस नसतो. अमेरिका पोरांच्या डोक्यात हाणायला बरी पडते.

हे मी लिहिलं आणि पहिल्या तटानं टाळ्यांच्या खुणांचा पाऊस पाडला. ‘बघा! तिकडेही कुणी वाचत नाही!’ मग मला त्यांचाही राग आला. असं कुठे म्हणाले मी?

इथल्या सिलॅबसवर लिहिलेलं असतं : मंगळवार, १४ ऑक्टोबर, पानं ३१ ते ५८. बस्स. मंगळवारी टेबलाभोवती बसल्यावर कुणीतरी विचारणार की ४० व्या पानावर हा गृहस्थ असं का म्हणतो? वाचलं नसेल तर तोंड चुकवावं लागतं. आठवडाभर पुरेल एवढी लाज त्यात असते. ती लाज पुरवून वापरली की वर्षाला बऱ्यापैकी पानं उलटतात. संस्कृती वगैरे काही नाही त्यात.

आणि आमच्याकडे काय होतं? एम.ए.च्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक पेपरच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असायची. एका पेपरच्या यादीतली एक ओळ मला अजून तोंडपाठ आहे : ‘राजवाडे, वि. का. : मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १ ते २२.’ एका पेपरसाठी, एका ओळीत, बावीस खंड! वर्गात कुणाला हसूसुद्धा आलं नाही. यादी वाचायची नसते हे आम्हाला इतकं ठाऊक होतं, की देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी ती तिथं आहे यातच आनंद. खंड काचेच्या कपाटात होते, किल्ली एका शिपायाकडे होती आणि ते जेवायला गेलेले असायचे. दोन वर्षं ते जेवतच होते.

आम्ही पास झालो ते आदल्या बॅचच्या एका मुलीच्या वहीवर. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तिच्या नोट्सची मास्टर कॉपी असायची. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून डावीकडचा भाग कापला गेला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गायब. ‘हू महाराजांची सुटका’ असं एक वाक्य मी परीक्षेच्या सकाळपर्यंत तसंच घोकलं होतं. लिहिताना शाहूंचा शा आपोआप आला, नशीब.

तर ग्रुपवर मी तावातावानं हिशोब मांडला. नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरलेत. म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. त्यातले १५ वर्गात, उरलेले १५ मुलानं स्वतः अभ्यास करायचे. चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास घरचे झाले. ४६ पानांना सहा तास लागले तरी ५४ उरतात. आता बोला.

कऱ्हाडची आमची एक मैत्रीण बोलली. ‘अगं, त्या साठ तासांत स्टँडवर एसटीची वाट बघणं धरलंय का?’

तिला उत्तर देता आलं नाही. मग मी इथला हिशोब सांगितला नाही, कारण तो आणखीच थोर आहे. वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास, असा इथला कागदावरचा नियम. १५ क्रेडिट घेतले की आठवड्याला ४५ तास. माझ्याकडे काउंटरवर इथल्या फ्लिंट गावचा एक मुलगा पार्टटाइम येतो, तो रात्री मायर नावाच्या सुपरमार्केटमध्ये माल लावतो आणि शनिवारी बापाच्या छपराच्या कामावर जातो. त्याचे ४५ तास कुठे बसतात ते त्यालाच विचारलं. तो हसला. पीडीएफ चॅटजीपीटीला घालायची, तीन परिच्छेद येतात, ते जिना चढताना वाचायचे. फ्लिंटचा मुलगा आणि फलटणचा मुलगा, दोघांचेही तास कागदावरच. तरी गंमत बघा, मला त्या मुलाचं कौतुक वाटतं आणि दूध घालून येणाऱ्या पोराला मात्र मी हिशोब सांगत बसते.

एका बाबतीत मी इथे भारताची बाजू घेऊन कॉलर ताठ करते. वर्गासाठी निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र झेरॉक्स करून विकणं, ज्याला इथे कोर्सपॅक म्हणतात, त्यावरून प्रकाशक कोर्टात गेले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात किंकोज ही झेरॉक्सच्या दुकानांची साखळी हरली. १९९६ मध्ये आमच्याच मिशिगनमधलं ॲन आर्बरचं एक झेरॉक्सचं दुकान अपिलात हरलं. तेव्हापासून पानापानाचे पैसे मोजा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरेंनी दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर दावा लावला, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला. शिकवण्यासाठी केलेल्या प्रती कायद्याच्या अपवादात बसतात, म्हणाले. पुढे अपिलातही त्याच वर्षी मूळ सूत्र टिकलं. आमच्या कॉपीराइटच्या ट्रेनिंगमध्ये मी हे दरवर्षी सांगते. लोक आ वासून ऐकतात. मला त्या क्षणी गेटसमोरचा आमचा झेरॉक्सवाला आठवतो, आणि डोळ्यांत पाणीबिणी येतं. ग्रुपवर मात्र मी हे कधी लिहिलेलं नाही. तिथे अमेरिकेची वकिली, इथे भारताची. माहेरच्यांना सासर चांगलं सांगायचं आणि सासरच्यांना माहेर, तसंच.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते.

२००१ च्या फॉलमध्ये मी इथे आले तेव्हा तीन सेमिनार घेतले होते. प्रत्येकाचं आठवड्याचं वाचन दोनशेच्या आसपास पानं. शब्दकोश उघडा ठेवून मी तासाला आठ पानं वाचत असे. एका गुरुवारी मी ३१ व्या पानापर्यंत पोचले होते आणि बाईंनी १४० व्या पानावरचं विचारलं. टेबलाभोवती अकरा जण. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं, खरं तर माझं नाव मोडीत लिहीत होते. समोरचा ग्रँड रॅपिड्सचा मुलगा, उलटी टोपी, पाच मिनिटं असा बोलला की बाईंनी मान डोलावली. नंतर पाण्याच्या नळापाशी मी त्याला म्हटलं, तू सगळं वाचलंस? तो म्हणाला, छे! पहिली चार पानं, शेवटची चार आणि मधली एक तळटीप.

मला फसवल्यासारखं झालं. मी आजारी पडेस्तोवर जागून ३१ पानं वाचली होती. पुढच्या सेमिस्टरपासून मीही तेच करू लागले, आणि माझी डिग्री त्याच हातोटीवर उभी आहे. पण सुट्टीत कोल्हापूरला गेले की सांगायची, ‘बाप रे, तिकडे आठवड्याला सहाशे पानं वाचावी लागतात.’ लागतात, हे खोटं नव्हतं. वाचली, असं मी म्हटलं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी समजून घेतलं आणि मी समजू दिलं.

आणि राजवाडे? ते मला मिशिगनमध्ये भेटले. लायब्ररीच्या लांबच्या गोदामातून एक खंड मागवला, दुसऱ्या दिवशी टेबलावर. ना काच, ना किल्ली. फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘इथे मिळतं बघा.’ भरपूर अंगठे आले. पहिल्या पत्राच्या चौथ्या ओळीला मी अडखळले आणि खंड मिटला.

आमच्या इथल्या लायब्ररीत मराठीची तीन कपाटं आहेत. त्यातलं पुष्कळसं पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्यातून आलेलं. गव्हाचे पैसे अमेरिकेला रुपयांत मिळायचे, त्यांतून १९६२ पासून भारतात छापलेली पुस्तकं इथल्या विद्यापीठांना जायची. ज्या रेशनच्या लाल गव्हाला माझी आई अजून नावं ठेवते, त्याच गव्हाच्या पैशांतून आलेल्या कादंबऱ्या इथे बर्फात उभ्या आहेत. बऱ्याचशांच्या मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९८७ चा. बरीच वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं गोदामात जातात, पुढे कदाचित त्याहून लांब. म्हणून दर सेमिस्टरला मी दहा-बारा मराठी पुस्तकं माझ्या नावावर काढते, महिनाभर टेबलाखाली ठेवते आणि परत करते. वाचत नाही. सिस्टिममध्ये ‘वापर’ दिसतो. दुसऱ्यांच्या न वाचण्याचे आकडे बघणारी बाई ही अशी.

हे सगळं नव्हे, पण थोडंफार मी त्या वर्गमित्राला खासगीत लिहिलं. त्यानं उपदेश केला नाही. ४६ पानांची पीडीएफ पाठवली. ‘तूच वाच आणि सांग अवघड आहे का. रविवारपर्यंत.’

बुधवारी डिशवॉशर लावून बसले. मराठेशाहीतला जमीनधारा. मला वाटलं, मातृभाषा आहे, तासात उडवीन. पहिल्या संध्याकाळी अकरा पानं झाली. थळकरी, गतकूळ, मिरासदार, उपरी. मिरासदार म्हणजे गावचा पिढीजात जमीनवाला. उपरी म्हणजे गावात राहतो, जमीन कसतो, सारासुद्धा भरतो, पण मिरास नाही. आणि गाव सोडून परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत आला, थकलेला सारा चुकता केला, तर आपली जमीन मागू शकायचा. या परिच्छेदावर मी बराच वेळ थांबले. समास कोरा होता, पेन्सिल शोधायला उठले, तर ती पीडीएफ. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे अवघड आहे का? आहे. वाचायला लावावं का? तर हो, लावावं, पण ४६ ऐवजी आधी १५ पानं, आणि वार लिहून. हे त्याला सांगायचं ठरवलं.

रविवारी माझी सकाळ, त्याची संध्याकाळ. मेसेज आला, ‘किती झालं?’

‘एकोणीस पानं. बुधवारपर्यंत दे ना रे.’

दोन निळ्या खुणा उमटल्या. तो टाइप करत होता, थांबला, परत टाइप करू लागला.

‘मुदतवाढ फक्त मेडिकल सर्टिफिकेटवर.’